रिसीटमधला मुका ‘पी’

मी मारुंजीहून बोलते आहे. बचत गटांच्या समन्वयाचं काम मी करते, त्यामुळे माझा आवाज तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या ओळखीचा आहे. नेहमी मी तुमच्याशी बचत, व्याज आणि परतफेड यांवर बोलते. आजचा विषय वेगळा आहे, इंग्रजी स्पेलिंगचा. हसू नका. या स्पेलिंगच्या धास्तीनं आपल्यातल्या किती जणी बँकेतला फॉर्म दुसऱ्याच्या हातात देतात आणि “तूच भर बाई” म्हणतात, ते मी रोज बघते. आणि खरं सांगू का, ती धास्ती मलाही आहे.

मागे मी गटाच्या कामासाठी एका बँकेत गेले होते. अर्ज इंग्रजीत लिहायचा होता. पैसे भरल्याची पावती मिळावी, एवढंच म्हणायचं होतं. मी ‘रिसीट’ लिहिलं आणि त्यातला ‘पी’ राहिला. समोरच्या साहेबांनी लाल पेनानं त्या शब्दाभोवती गोल काढला, शेजारच्याला दाखवला आणि दोघं हसले. “मॅडम बीए आहेत ना?” असंही म्हणाले. माझे कान गरम झाले. माझ्यासोबत आमच्या गटाच्या अध्यक्ष काकू होत्या. चौथी शिकलेल्या. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “अगं, तो पी बोलताना ऐकू येतो का?” मी म्हटलं, नाही. “मग लिहायचा कशाला?”

मला उत्तर देता आलं नाही. शाळेत बाईंनी सांगितलं होतं, तो सायलेंट असतो, म्हणजे मुका. पण मुका का, आणि मुकाच आहे तर तिथं बसवला कुणी, हे कुणी सांगितलं नव्हतं. काकूंचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून मग मी वाचायला लागले. जे सापडलं, ते आज तुम्हाला सांगते.

आधी आपल्या बाराखडीकडे बघा. आपल्याकडे क म्हणजे क. तो ‘कमळ’मध्ये क आणि ‘चाक’मध्येही क. जसं ऐकू येतं, बरंचसं तसंच आपण लिहितो. इंग्रजीत अक्षरं 26 आणि बोलण्यातले आवाज मात्र साधारण 44. सव्वीस डबे आणि चव्वेचाळीस जिन्नस, अशी ती मांडणी आहे. मग एकेका डब्यात दोन-दोन, तीन-तीन जिन्नस भरावे लागतात. याचं कारण असं, की ही अक्षरं मुळात इंग्रजी भाषेसाठी घडवलेलीच नव्हती. ती रोमन लोकांची, लॅटिन भाषेची. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती धर्मगुरूंनी ती इंग्लंडमध्ये रुजवली आणि इंग्रजी बोली त्यांत कशीबशी बसवली. दुसऱ्याच्या मापाचं पोलकं घातल्यासारखं झालं ते. कुठं तंग, कुठं ढगळ.

पुढे 1066 साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. राजा बदलला, दरबार बदलला आणि कागद लिहिणारे कारकूनही बदलले. ते आपल्या फ्रेंच सवयीनं इंग्रजी शब्द लिहायला लागले. राणीला इंग्रजीत ‘क्वीन’ म्हणतात. त्याआधी तो शब्द ‘सी-डब्ल्यू’नं सुरू व्हायचा. कारकुनांनी तिथं ‘क्यू-यू’ आणला. घराला म्हणायचे ‘हूस’ आणि त्यात साधा ‘यू’ होता. त्यांनी ‘ओ-यू’ केलं. आज आपण ‘हाऊस’ लिहितो, त्यात तोच ‘ओ-यू’ आहे. तलाठी बदलला की सातबाऱ्यावर आपल्या आडनावाचं काय होतं, हे आपल्याला नवीन नाही. तिथं अख्ख्या भाषेचं तसं झालं.

नंतर आला छापखाना. 1476 साली विल्यम कॅक्स्टन नावाच्या माणसानं इंग्लंडमध्ये पहिला छापखाना घातला. तो आधी बरीच वर्षं समुद्रापलीकडे, आजच्या बेल्जियमच्या भागात राहिलेला होता, आणि त्याच्या छापखान्यावर तिकडच्या फ्लेमिश भाषेच्या सवयींची छाप होती. भुताला इंग्रजीत म्हणतात ‘गोस्ट’. त्यात ‘जी’च्या मागं जो ‘एच’ उभा आहे, तो तिकडच्या सवयीनं शिरलेला. पाच शतकं झाली, अजून निघालेला नाही. भुताच्या शब्दातच भूत बसलं म्हणायचं.

छापखान्यामुळे एक मोठी गोष्ट घडली. जे छापलं गेलं, ते हळूहळू पक्कं होत गेलं. पण बोलणं काही थांबलेलं नव्हतं. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रज लोकांचे उच्चार फार बदलले. सुरीला ‘नाईफ’ म्हणतात आणि स्पेलिंग ‘के’पासून सुरू होतं. तो ‘के’ पूर्वी खरोखर बोलत असत. ‘क्नीफ’ असं काहीसं म्हणायचे. रात्रीच्या ‘नाईट’ शब्दात ‘जी-एच’ आहे. तिथं घशातून ‘ख’सारखा आवाज काढायचे, ‘निख्त’ असा. आवाज मेले, अक्षरं उरली. आपली पोरं पहिलीत तो शब्द ‘क्नाईफ’ असा वाचतात आणि आपण हसतो. पण तो ‘के’ बोलणारं पोर पाचशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये असतं, तर त्याला कुणी हसलं नसतं.

आता येऊ काकूंच्या ‘पी’कडे. सोळाव्या शतकाच्या आगेमागे तिकडच्या विद्वानांना लॅटिन भाषेचा फार अभिमान चढला. आपले रोजचे शब्द त्यांना गावंढळ वाटायला लागले. शब्दाचं मूळ लॅटिन आहे हे दिसावं, म्हणून न बोललं जाणारं अक्षर ते मुद्दाम घालू लागले. पावतीचा शब्द फ्रेंचमधून आला, तेव्हा त्यात ‘पी’ नव्हता. पण लॅटिनमध्ये मूळ शब्द ‘रेसेप्टा’, त्यात ‘प’ आहे. म्हणून यांनी ‘पी’ घातला. कर्जाला इंग्रजीत ‘डेट’ म्हणतात आणि त्यात ‘बी’ लिहितात. तोही शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा ‘बी’शिवाय आला. लॅटिन मूळ ‘डेबिटम’, म्हणून ‘बी’ चिकटवला. शंकेचा शब्द ‘डाऊट’, त्याचंही तसंच. बेटाला ‘आयलंड’ म्हणतात. हा तर अस्सल त्यांचा जुना शब्द, लॅटिनशी त्याचं नातंच नाही. तरी कुणाला तरी वाटलं की असावं, म्हणून ‘एस’ घुसवला. ती तर सरळ चूक होती. चूक विद्वानांची, आणि तिची शिक्षा पाठ करणाऱ्या पोरांना.

हे सगळं मी काकूंना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “म्हणजे नुसती ऐट.” मला वाटतं, याहून चांगलं उत्तर कुठल्या पुस्तकात नाही. ज्या ‘पी’पायी मला बँकेत मान खाली घालावी लागली, तो ‘पी’ म्हणजे चारेकशे वर्षांपूर्वीच्या विद्वानांची ऐट होती.

आता आपल्या गटाच्या कामात रोज लागणारे शब्द घेऊ. एकदा त्यांची गोष्ट कळली की ते लक्षात राहतात, हा माझा अनुभव आहे.

‘चेक’ हा शब्द बघा. तो शेवटी ‘क्यू-यू-ई’ लावून लिहितात, म्हणून हमखास चुकतो. हा शब्द बुद्धिबळातून आला आहे. फारसीत राजाला शाह म्हणतात. बुद्धिबळात राजावर चाल आली की आपण ‘शह’ म्हणतो. तोच शाह फिरत फिरत फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि ‘चेक’ झाला. शह म्हणजे अडवणं, तपासणं. पुढे बँकेच्या कागदावर खोटेपणा होऊ नये म्हणून तपासासाठी जी स्थळप्रत ठेवायचे, तिला चेक म्हणायला लागले आणि मग त्या कागदालाच. इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यात चौकटीचौकटीचं कापड टेबलावर पसरून, सोंगट्या मांडून हिशेब करत. त्या खजिन्याचं नावही बुद्धिबळाच्या पटावरून पडलं होतं आणि त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘क्यू-यू’ होता. त्याच्या वळणावर बँकेच्या चेकचं स्पेलिंग गेलं. अमेरिकेत मात्र हाच शब्द साधा ‘सी-के’ लावून लिहितात, आणि त्यांचे चेक काही परत येत नाहीत.

आमच्या गटाची बैठक बुधवारी असते. इतिवृत्तात कधी वार इंग्रजीत लिहायची वेळ आली की पेन थांबतो. ‘वेन्सडे’ बोलतात आणि मध्ये ‘डी’ लिहितात. तिकडच्या जुन्या लोकांचा ‘वोडन’ नावाचा देव होता. त्याचा वार, म्हणून तो ‘डी’. आपला बुधवार बुध ग्रहाचा. रोमन लोकांचाही हा वार बुधाचाच होता आणि त्यांच्या बुधदेवाच्या जागी उत्तरेकडच्या लोकांनी आपला वोडन बसवला. म्हणजे वार तोच, देव वेगळा. आम्ही आता मनातल्या मनात ‘वेड-नेस-डे’ असं तोडून म्हणतो आणि लिहितो. चुकत नाही.

‘बिझनेस’ शब्दात ‘बी’नंतर ‘यू’ का? तर इंग्लंडमध्ये एका भागातले लोक ‘बिझी’ म्हणायचे आणि दुसऱ्या भागातल्यांच्या उच्चाराला धरून ‘यू’ लिहायचे. बोलणं एकीकडचं टिकलं, लिहिणं दुसरीकडचं. मुळशीचं बोलणं आणि सदाशिव पेठेचं लिहिणं, तसं. आणि ‘कमिटी’? त्यात दोन एम, दोन टी आणि दोन ई. आमच्या एक वहिनी म्हणतात, कमिटीत एकटं कुणी बसायचंच नाही, सगळ्यांनी जोडीनं बसायचं. गटातल्या कुणाचंही हे स्पेलिंग आता चुकत नाही.

मग मला प्रश्न पडला, खुद्द इंग्रज लोकांनी हे दुरुस्त का केलं नाही? पूर्वी तर त्यांच्याकडे इतका काच नव्हता. शेक्सपियर त्यांचा सगळ्यात मोठा नाटककार. त्याच्या हातच्या सहा सह्या आज शिल्लक आहेत आणि त्यांत त्यानं स्वतःचं नाव एकसारखं लिहिलेलं नाही. पुढे 1755 मध्ये सॅम्युअल जॉन्सननं मोठा शब्दकोश छापला आणि लोक त्याला प्रमाण मानायला लागले. स्पेलिंग येतं तो शिकलेला, येत नाही तो अडाणी, अशी रेघ ओढली गेली. ज्यांना शाळेत पाठवत नसत, म्हणजे गरीब आणि बायका, ते आपोआप रेघेच्या पलीकडे गेले. अमेरिकेत नोआ वेबस्टरनं 1828 च्या शब्दकोशात काही शब्द सोपे केले. तिथं 1906 साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 300 शब्द सोप्या स्पेलिंगनं छापायचा हुकूम काढला. वर्तमानपत्रांनी थट्टा केली, संसदेनं विरोध केला आणि राष्ट्राध्यक्षांना माघार घ्यावी लागली. आज अमेरिकेत शाळकरी मुलांची स्पेलिंगची राष्ट्रीय स्पर्धा होते, ती 1925 पासून. 1985 साली भारतीय वंशाचा मुलगा ती पहिल्यांदा जिंकला आणि त्यानंतर आपल्याकडून गेलेल्या घरांतली मुलं ती कितीतरी वेळा जिंकली आहेत. विचार करा, ज्या भाषेत स्पेलिंग आलं म्हणून मुलांना बक्षीस देतात, त्या भाषेत ते त्यांच्या मुलांनाही सोपं नाही.

आता आपल्या मराठीकडे वळते. आपणही फार तोरा मिरवू नये. आमच्या घरी ट्रंकेत माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळचे कागद आहेत. त्यांत ‘नाव’ लिहिलंय ते डोक्यावर अनुस्वार देऊन, ‘नांव’. ‘गाव’वरही अनुस्वार, ‘पाच’वरही. लहानपणी मला वाटायचं, लिहिणाऱ्याला येत नसेल. पण ते चूक नव्हतं. संस्कृतात ‘नाम’, त्यातला ‘म’ झिजून नाकातला आवाज उरला आणि त्या आवाजाची खूण म्हणून तो अनुस्वार. ‘ग्राम’चं ‘गांव’, ‘पंच’चं ‘पांच’. कोकणात अजूनही हे शब्द नाकात बोललेले ऐकू येतात. आपल्याकडे आवाज गेला आणि टिंब राहिलं. ‘नाईफ’मधला ‘के’ आणि ‘नांव’वरचं टिंब, दोघं एकाच जातीचे. दोघंही मुके.

फरक पुढे झाला. मराठी साहित्य महामंडळानं लेखनाचे नियम तयार केले आणि 1962 मध्ये महाराष्ट्र शासनानं ते मान्य केले. आधी चौदा नियम होते, 1972 मध्ये चार वाढले, असे अठरा झाले. न बोलले जाणारे अनुस्वार काढून टाकले. ‘नांव’चं ‘नाव’ झालं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना जे जमलं नाही, ते आपल्याकडे झालं. त्याहून मागे गेलात तर मोडीतले कागद मिळतील. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद सहसा पाळतच नसत, तरी पेशव्यांचा कारभार त्यावर चालला. छापील देवनागरी आली, 1831 मध्ये मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश आला, शाळेची पुस्तकं आली आणि मग पहिली वेलांटी की दुसरी, यावर आपलेही मार्क कापायला लागले. म्हणजे लिहिण्याचे नियम आभाळातून पडत नाहीत. माणसं ते करतात, आणि माणसंच ते बदलतात.

इथवरच्या गोष्टी गंमतीच्या वाटतील. पण एका ठिकाणी स्पेलिंगनं आपलं खरं नुकसान होतं, आणि ते म्हणजे आपल्या स्वतःच्या नावात.

आमच्या गटातल्या एका ताईंचं कर्जप्रकरण अडलं. त्यांचं खरं नाव सांगत नाही, पूजा समजू. आधारकार्डावर नाव होतं ‘पी’नंतर दोन ‘ओ’ घालून, आणि पासबुकावर ‘पी’नंतर ‘यू’ घालून. मराठीत दोन्हीकडे पूजाच. पण कॉम्प्युटर म्हणाला, या दोन वेगळ्या बायका आहेत. शिलाई मशीन घ्यायचं होतं, दिवाळीच्या ऑर्डरी हातात होत्या. कागद दुरुस्त होईपर्यंत दिवाळी होऊन गेली. त्या ताई सारखं म्हणायच्या, “माझीच चूक, मी शिकले नाही.” मला ते वाक्य फार लागलं, कारण चूक त्यांची नव्हतीच. तिची मुळं दीडशे-दोनशे वर्षं मागं आहेत. कशी ते ऐका.

इंग्रज इथं आले तेव्हा त्यांनी आपली नावं त्यांच्या कानाला जशी ऐकू आली, तशी त्यांच्या वळणानं लिहिली. ऊ ऐकू आला की दोन ‘ओ’, ई ऐकू आली की दोन ‘ई’, आणि अ ऐकू आला की ‘यू’, कारण त्यांच्या ‘कट’, ‘बट’मध्ये तो तसाच लिहितात. म्हणून पुण्याचं झालं ‘पूना’, दोन ‘ओ’वालं. खडकीचं झालं ‘किर्की’, शेवटी दोन ‘ई’वालं. आणि आपण जी चटणी करून विकतो, तिच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘च’नंतर ‘यू’ असतो, तो याच कारणानं. लेबल छापताना आम्ही सगळ्या त्याच ‘यू’वर अडलो होतो.

पुढे सरकारी कामात घोळ व्हायला लागला. एकाच गावाचं नाव चार कागदांवर चार तऱ्हांनी. म्हणून 1870 नंतर विल्यम हंटर नावाच्या अधिकाऱ्याची पद्धत सरकारनं घेतली. तिचा नियम सरळ होता. अ साठी ‘ए’, इ-ई साठी ‘आय’, उ-ऊ साठी ‘यू’. स्वर लांब असेल तर अक्षरावर एक आडवी रेघ द्यायची. पण जी नावं आधीच रूढ झाली होती, ती तशीच ठेवली. म्हणून पूना पूनाच राहिलं, आणि इंग्रजीत त्याचं अधिकृतपणे पुणे व्हायला 1978 साल उजाडावं लागलं. रोजच्या लिहिण्यात ती आडवी रेघही गळून पडली.

आता लक्षात आलं का? ‘पूजा’ दोन ‘ओ’नं लिहिलं तर ती जुनी, कानाला ऐकू येईल तशी पद्धत. ‘यू’नं लिहिलं तर ती हंटरसाहेबांची. गीता दोन ‘ई’नं की ‘आय’नं, त्यातही तोच वाद. लक्ष्मी लिहिताना कुणी ‘एक्स’ घालतं, कुणी ‘के-एस-एच’. ‘आधार’ या नावाचं इंग्रजी स्पेलिंग तर आ साठी दोनदा ‘ए’ लिहून केलंय, म्हणजे ती आणखी तिसरीच तऱ्हा. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी एक पद्धत वापरली, रेशनकार्डावर दुसऱ्यानं दुसरी आणि आधारच्या मशीनवर बसलेल्या पोरानं तिसरी. तीनही आपापल्या परीनं बरोबर. फक्त तिघांनी आपल्याला विचारलं नाही. आपल्या शेजारच्या हिंजवडीचंच बघा. मधे ‘ए’ की ‘ई’, दोन्ही पाट्या दिसतात. आपल्या मारुंजीच्या शेवटी कुठं ‘आय’ दिसतो, कुठं ‘ई’. एवढं मोठं आयटी पार्क उशाला आहे, पण गावाच्या नावाचं एक स्पेलिंग ठरत नाही. मग आपल्या पूजाताईंनी का लाजावं?

शेक्सपियरला स्वतःचं नाव हवं तसं लिहिता आलं, कारण त्याला आधार लिंक करायचं नव्हतं. आपल्याला करायचंय. म्हणून लाज सोडायची, पण काळजी सोडायची नाही. आमच्या गटांत आम्ही जे सुरू केलं, ते सांगते.

पहिलं, प्रत्येकीनं आपल्या नावाचं एकच इंग्रजी स्पेलिंग ठरवायचं. स्वतःचं, नवऱ्याचं किंवा वडिलांचं, आणि आडनावाचं. शक्यतो आधारवर आहे तेच धरायचं, म्हणजे धावपळ कमी. दुसरं, ते मोठ्या अक्षरांत एका चिठ्ठीवर लिहून पासबुकाच्या पिशवीत ठेवायचं. कुठंही फॉर्म भरताना, समोरचा कितीही घाईत असला, तरी चिठ्ठी पुढे करायची आणि म्हणायचं, “असंच लिहा.” तिसरं, कागद हातात आला की उठायच्या आधी अक्षर न् अक्षर चिठ्ठीशी ताडून बघायचं. वाचता येत नसेल तरी आकार जुळतो का, हे बघता येतं. नक्षी जुळवणारे डोळे आहेत आपले. चौथं, आधारवर चूक असेल तर पुरावा घेऊन आधार केंद्रात जायचं, पण आधी नीट ठरवून. आधारवर नावातला बदल दोनदाच करता येतो. सुनेचं लग्नानंतरचं नाव बदलायचं असेल, तर त्याचाही हिशेब धरा.

आणि पाचवं, दर बैठकीत पाच शब्द. आमच्या पिढीला मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. 2000 साली राज्यानं ते पहिलीपासून आणलं. तेव्हाचे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे आपल्या पिंपरी-चिंचवडच्याच भागातले. चिंचवडचं नाट्यगृह त्यांच्याच नावाचं आहे. मराठीचं काय होणार, म्हणून तेव्हा खूप वाद झाला. पण त्यामुळे आज आपली नातवंडं पहिलीतच अक्षरं गिरवतात, आणि त्यांच्यासोबत आपल्यालाही गिरवता येतात. आणि ही काही नवी गोष्ट नाही. सावित्रीबाईंनी 1848 मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली. त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह 1854 साली निघाला. इंग्रजी शिका, असं सांगणाऱ्या कविता त्यात आहेत. त्यांना ठाऊक होतं की ज्या भाषेत हुकूम निघतात, ती भाषा आपल्याला वाचता आली पाहिजे. त्या काळी दगड-शेण झेलून त्या शाळेत जात होत्या. आपल्यावर फार तर एक लाल गोल पडतो.

जाता जाता एक गोड गोष्ट. मुंगसाला इंग्रजीत ‘मंगूस’ म्हणतात. तो शब्द आपल्या मराठीतून गेलेला आहे. त्याचं अनेकवचन कसं करायचं, यावर इंग्रजी बोलणारे आजही अडखळतात. तेव्हा अडखळणं काही आपल्याच वाट्याला आलेलं नाही.

मागच्या महिन्यात काकू आणि मी पुन्हा बँकेत गेलो. अर्ज काकूंच्या नावानं होता आणि तो त्यांनी मराठीत लिहिला होता. बँकेला आपला मराठी अर्ज चालतो, हेही लक्षात ठेवा. पण खाली एक शब्द त्यांनी मुद्दाम इंग्रजीत लिहिला होता, ‘रिसीट’, ‘पी’सकट. साहेबांनी वाचला, शिक्का मारला, पावती दिली. काकू पायऱ्या उतरताना म्हणाल्या, “लिहिला बाई त्यांचा पी. आता हप्ता आपला आपण भरू.”

येत्या बैठकीला येताना आपलं आधारकार्ड आणि पासबुक दोन्ही आणा. शेजारीशेजारी ठेवा आणि नाव जुळवून बघा. दहा मिनिटं लागतील, पण एखादीचं शिलाई मशीन वाचेल.